कागदाची बाई आणि पुराचं पाणी: वडोदऱ्यातल्या एका शिल्पाचा प्रकरण अभ्यास

शिल्प आहे शिवणयंत्रावर वाकून बसलेल्या बाईचं. उंची चार फुटांच्या आसपास, मान डावीकडे कललेली, उजवा हात चाकावर. लांबून रंगवलेलं वाटतं. जवळ गेलं की कळतं, ब्रश कुठेच लागलेला नाही. दिसतो तो सगळा रंग छापील कागदाचा आहे. बाईचे दोन्ही हात हातांचेच बनले आहेत. जुन्या कॅलेंडरांवरच्या लक्ष्मी-सरस्वतींचे वर देणारे, कमळ धरलेले, वीणेवर टेकलेले हात कात्रीने कापून एकावर एक चिकटवलेले. पदर मासिकांतल्या साड्यांच्या जाहिरातींचा. पाठ शिंप्याच्या खाकी कागदाची, त्यावर ब्लाउजच्या बेतण्याच्या रेषा तशाच ठेवलेल्या. चेहऱ्यावर शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे. पदराचा काठ गुलाबी पतंगी कागदाचा. आणि पोटाशी, पदराआड अर्धा झाकलेला, शिल्पकर्तीच्या आजीचा फोटो, घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेला.

शिल्पकर्ती वडोदऱ्याच्याच, दांडिया बाजारातल्या मराठी घरातल्या. आजी घरी ब्लाउज शिवायची. खाकी कागद आणि बरीचशी कॅलेंडरं तिच्याच ट्रंकेतली. बाकीचा माल पस्तीवाल्यांकडून. वजनावर घेतलेल्या गठ्ठ्यातून चार पानं निवडायची आणि उरलेलं त्यालाच परत करायचं, अशी त्यांची पद्धत. शिल्प विकत घेतलं ते शहरातल्याच अकोटा भागात राहणाऱ्या एका निवृत्त दांपत्याने. ओळख जुनी, त्यामुळे त्या दोघांना काका-काकूच म्हणतात आणि ते त्यांना नावाने, एकेरीत. पुढच्या सगळ्या वादात हे नातं मध्ये होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

असं शिल्प वडोदऱ्यात होणं नवलाचं नाही. राजा रविवर्मा सयाजीराव महाराजांच्या बोलावण्यावरून इथे येऊन चित्रं करून गेले, आणि पुढे १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढून देवादिकांच्या तसबिरी घरोघरी पोचवल्या. त्याच तसबिरींच्या वंशातली देवचित्रं चित्रकार भूपेन खख्खर यांनी इथे राहून १९६० च्या दशकात कापली, आरशांवर चिकटवली, वर रंगाने खरडलं. तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. कागदाच्या शिल्पाचं म्हणाल तर पिकासोची पुठ्ठ्याची गिटार १९१२ ची आहे, आणि त्याने तीच गिटार पुढे १९१४ मध्ये पत्र्यात केली. पुठ्ठ्यातलं काम पत्र्यात का न्यावंसं वाटलं असेल, हा प्रश्न अकोट्यातल्या त्या दिवाणखान्यात मला पुन्हा पुन्हा पडत होता.

पाणी

२०२४ च्या ऑगस्टअखेर, गोकुळाष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री नदी शहरात शिरली. गणपती दहा-बारा दिवसांवर आले होते. तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी आलं आणि दिवसभराहून जास्त टिकलं. काका-काकूंनी फ्रिज सोडला, पुस्तकं वर नेली, देव वर नेले. शिल्प जिन्याच्या वळणावर मावेना. हात बाहेर आलेला, वाकवता येत नाही. ते दीड फुटी चौरंगावर होतं तसंच राहिलं. पाण्याने चौरंग गिळला आणि बाईच्या बैठकीचा खालचा साधारण आठ इंचांचा भाग भिजवला. पण कागद पाणी वर ओढतो. पाणी ओसरल्यावर ओलीची रेघ कमरेपर्यंत पोचलेली होती.

याच अकोट्यात १९५१ मध्ये जैन ब्रॉंझ मूर्ती सापडल्या. शतकानुशतकं मातीत राहून त्या आज संग्रहालयात दिमाखात उभ्या आहेत. शिल्पकर्ती चिखलाने माखलेल्या दिवाणखान्यात उभ्या राहून म्हणाल्या, "काका, तुम्ही ब्रॉंझ घ्यायला हवं होतं." काका हसले नाहीत.

त्याआधीच, मदतीच्या भावनेने, दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. शेजाऱ्यांनी चिखल पुसायला जंतुनाशकात बुडवलेलं फडकं फिरवलं. आणि ऊन पडल्याबरोबर चौघांनी उचलून शिल्प अंगणात नेलं. ओल्या घरात माणूस दुसरं काय करणार! पण सगळ्यात मोठं नुकसान पुराने नव्हे, त्या उन्हाने केलं. बाहेरचं कातडं झपाट्याने वाळून आकसलं, आतला लगदा ओलाच. पदर खांद्यापासून सुटून लोंबू लागला, गुडघ्याजवळची त्वचा फुग्यासारखी वर आली. कागदाचं संवर्धन करणाऱ्या गृहस्थांना बोलावलं ते तेव्हा. मी त्यांच्याबरोबर नोंदी ठेवायला होतो.

कोणता कागद काय बोलला

संवर्धकांनी पहिल्या दिवशी काहीही चिकटवलं नाही. शिल्प सावलीत, खिडक्या बंद करून, एसीच्या कोरड्या हवेत ठेवलं. पंख्याचा झोत अंगावर नको, खोलीची हवा मात्र हलती. दमट कागदावर बुरशी दोन-तीन दिवसांत दिसू लागते आणि आत खळ असेल तर तिला जेवणच वाढलेलं असतं. मग भिंग घेऊन एकेक तुकडा पाहायला सुरुवात झाली.

इथून पुढे मला जे दिसलं ते या प्रकरणाचं खरं सार आहे. आपण या शिल्पाकडे चित्रांचं शिल्प म्हणून पाहत होतो. पाण्याने त्याच्याकडे छपाईच्या तऱ्हांचं शिल्प म्हणून पाहिलं. लक्ष्मीचा हात आणि साडीवाल्या मॉडेलचा हात आपल्या लेखी दोन हात. पाण्याच्या लेखी एक तेलकट शाईची शिळाछपाई आणि दुसरी चिनीमातीचा लेप दिलेल्या कागदावरची ऑफसेट.

कॅलेंडरांचे जुने हात टिकले. शिळाछपाईची शाई मुळात तेलातली, तिचं आणि पाण्याचं वैर हेच त्या छपाईचं तंत्र. कागद फुगला, वरच्या वार्निशाला बारीक तडे गेले, पण रंग तसूभर हलला नाही. खाकी कागदाने तर सगळ्यांना लाजवलं. लांब, चिवट धाग्यांचा असल्याने तो भिजून वाळला आणि जवळजवळ पूर्वीसारखाच झाला. भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे वर असल्याने वाचले, नाहीतर तो कागद स्वस्तातला, लगेच विरघळला असता.

साड्यांच्या जाहिराती हे खरं दुखणं. आर्ट पेपरवरचा गुळगुळीतपणा म्हणजे खनिजाच्या भुकटीचा आणि चिकट द्रव्याचा लेप. तो ओला झाला की मऊ होतो आणि दोन पानं एकमेकांवर वाळली की कायमची एक होतात. मग सोडवायला गेलं की चित्रच सोलून येतं. पदराच्या निऱ्यांमध्ये अशी पानं तीन-चार थरांत होती. काही थर उन्हात वाळून गेलेच. जे अजून ओले होते ते संवर्धकांनी तसेच ओले सोडवून घेतले, प्लास्टिकच्या पिशव्यांत घातले आणि गोठवायला पाठवले. गोठलेल्या कागदात बुरशी वाढत नाही आणि थर चिकटायचेही थांबतात. सवडीने थोडे थोडे बाहेर काढून वेगळे करता येतात. शहरात वीज परत आलेली होती, पण एवढा मोठा डीप फ्रीजर कुणाकडे? शेवटी ओळखीच्या डेअरीवाल्याने एक कप्पा रिकामा करून दिला. गणपतीच्या दिवसांत श्रीखंडाच्या डब्यांशेजारी आमचा पदर होता.

पतंगी कागद फसवा. उत्तरायणाला पावसाची गाठ नसते म्हणून कळत नाही, पण तो रंग पाण्यात मिनिटभर टिकत नाही. काठाचा गुलाबी रंग उतरून मांडीवरच्या वर्तमानपत्री लगद्यापर्यंत झिरपला होता. आणि आजीचा फोटो: इंकजेटची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची होती. चेहरा जांभळट डागात गेला. चष्म्याची वरची कड तेवढी ओळखू येत होती. गंमत अशी की त्याच्या बाजूला एक झेरॉक्सचा तुकडा होता, आजीच्या हिशेबाच्या वहीच्या पानाचा, तो अक्षर न् अक्षर शाबूत. झेरॉक्सची भुकटी म्हणजे प्लास्टिक, उष्णतेने कागदावर वितळवलेलं. पाणी तिचं काही करू शकत नाही.

कागदाच्या ग्रेनचाही हिशेब निघाला. कागदाचे धागे बहुतेक एका दिशेला पडलेले असतात आणि ओल लागली की धागा लांबीत नव्हे, जाडीत फुगतो. म्हणून कागद एका अंगाने जास्त वाढतो. पुठ्ठ्याचं काम करणारे थर आडवे-उभे ठेवून हा ताण मारतात. सापडलेल्या चित्राच्या बाबतीत ती मोकळीक नसते. हात जसा छापलेला आहे तसाच लावावा लागतो, त्याचा ग्रेन कुठेही असो. त्यामुळे बाईचा कोपर एका बाजूला ओढला गेला होता, आणि शिल्पकर्तीने ते पाहून पटकन वहीत काहीतरी टिपलं.

डिंकाचंही तसंच. आतले थर त्यांनी घरच्या मैद्याच्या खळीने लावले होते, बाहेरची त्वचा मात्र सुतारकामाच्या पांढऱ्या गमने, टिकावी म्हणून. झालं उलटंच. गम पाण्यात पांढुरका पडला, फुगला, पण सुटला नाही, खळ सुटली. त्यामुळे त्वचा तुकड्यातुकड्यांनी न निघता मोठ्या पापुद्र्यांत उचलली गेली. आणि याच कारणाने ती वाचवता आली! खळीचा थर वाफेने पुन्हा मऊ करता येतो, पापुद्रा न फाडता सोडवता येतो. दोन गमांचे थर एकमेकांवर असते तर संवर्धकांनी हात टेकले असते. दुबळा डिंक शिल्पाच्या कामी आला, बळकट डिंक आड आला. खळीला कसर लागते, बुरशी लागते, हे खरंच आहे, आणि बुकबायंडर तीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालतात ते त्यासाठीच. पण तांब्याचा अंश कागद कुजवायला मदत करतो, म्हणून शिल्पकर्तीने तो घातला नव्हता ते बरंच झालं. आतल्या सांगाड्याच्या लोखंडी जाळीच्या कापलेल्या टोकांना गंज धरला होता, त्याचे तपकिरी ठिपके मांडीवर उमटले. ते आजही आहेत.

नवं करून देते

दुरुस्तीपेक्षा वाद जास्त दिवस चालला.

शिल्पकर्तीचं पहिलं म्हणणं होतं, "काका, मी तुम्हाला दुसरं करून देते. पैसे नकोत." यात प्रेम होतं आणि थोडा अभिमानही. काकांना दुसरं नको होतं. त्यांना हेच हवं होतं, अगदी घेतलं त्या दिवशी होतं तसं. त्यांचा मुलगा संगणकातला. त्याने सोपी वाट काढली. त्याच्याकडे शिल्पाचे जवळून घेतलेले फोटो होते. खराब तुकडे त्यावरून छापायचे, त्याच जागी लावायचे, कुणाला कळणारसुद्धा नाही.

मला ती वाट तेव्हाही पटली नव्हती, आणि पापुद्रे सुटल्यावर ती कुणालाच पटेनाशी झाली. कारण पदराखाली दुसराच पदर निघाला. वरच्या पानाने झाकलेल्या भागात साडीचा रंग झगझगीत केशरी होता, उघड्या भागात निळसर-राखाडी. छपाईच्या चार शाईंपैकी पिवळी आणि किरमिजी उजेडात आधी मरतात, निळी आणि काळी टिकतात. दुकानांच्या दारातली जुनी पोस्टरं निळी पडतात ती यामुळे. शिल्प खिडकीसमोर होतं. पुराच्या कितीतरी आधीपासून ते रोज थोडं थोडं बदलत होतं आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता, कारण ते रोज समोर होतं. मग "होतं तसं" म्हणजे नेमकं कधीचं? मुलाचे फोटो निळ्या पदराचे होते. काकांच्या आठवणीतला पदर केशरी.

काकू तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तिला विचारा ना. बाई तिची आहे." कायद्याचंही म्हणणं जवळपास हेच निघतं. शिल्प विकलं तरी कलाकाराचा एक हक्क विकला जात नाही: आपल्या कामाची मोडतोड किंवा विद्रूपीकरण होऊन नावाला बाधा येत असेल तर हरकत घेण्याचा. कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम ते. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य ब्रॉंझ म्यूरल १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं, तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं काम त्यांना परत द्यायला लावलं आणि ५ लाख रुपये भरपाई दिली. म्हणजे मालकाने हौसेने केलेली दुरुस्तीही उद्या तक्रारीचा विषय होऊ शकते. अर्थात काका आणि त्यांच्या घरी भाऊबीजेला जेवायला येणारी शिल्पकर्ती कोर्टात जाणार नव्हते. पण प्रत्येक संग्राहक काका नसतो.

स्कॅन करून छापण्यात आणखी एक मेख आहे. विकत घेतलेल्या मासिकाचं पान कापून चिकटवणं हा त्या प्रतीचा वापर. त्याच पानाचा फोटो काढून ते छापणं म्हणजे नवी प्रत काढणं, आणि प्रत काढण्याचा हक्क मूळ छायाचित्राच्या धन्याचा. छायाचित्रावरचा हक्क भारतात छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रविवर्म्यांच्या चित्राची चिंता नाही, ते १९०६ मध्ये गेले. चालू मासिकातल्या जाहिरातीची आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: या शिल्पात हात सापडलेला आहे, कुणाच्या तरी भिंतीवर वर्षभर टांगलेला, मागे खिळ्याच्या भोकाजवळ उदबत्तीचा तेलकटपणा असलेला. त्याची प्रिंट लावली की तिथे हाताचं चित्र उरेल. शिल्पकर्तीने हे माझ्याइतकं लांबवलं नाही. त्या म्हणाल्या, "मग मी पस्तीवाल्याकडे कशाला जाते?"

काय ठरलं

शिल्पकर्तीने एक रेघ आखली, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. जे त्यांना सापडलं होतं ते गेलं तर गेलं. त्या जागी दुसरं चित्र लावायचं नाही, जुळणारं सापडलं तरी नाही. जे त्यांनी स्वतः छापलं होतं ते पुन्हा छापता येईल. म्हणून आजीचा फोटो नव्याने आला, या वेळी कापसाच्या लगद्याच्या आम्ल नसलेल्या कागदावर, पाण्यात न विरघळणाऱ्या पिगमेंट शाईत. पदरातल्या गेलेल्या जागा संवर्धकांनी फिक्या खाकी छटेच्या जपानी कोझो कागदाने (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, लांब धाग्यांचा) भरल्या, गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून, म्हणजे उद्या कुणाला काढाव्याशा वाटल्या तर निघतील. जवळून पाहणाऱ्याला त्या जागा दिसतात. दिसाव्यातच असं ठरलं होतं. पतंगी काठ पुन्हा लावला नाही. उतरलेला गुलाबी डाग मात्र मांडीवर राहू दिला. यावर काकांनी बराच वाद घातला. डाग हा डागच, तो ठेवण्यात कसली कला, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक नव्हते. डाग काढायला गेलं तर खालचा वर्तमानपत्री लगदा विरघळला असता, हे संवर्धकांनी एका कोपऱ्यावर दाखवलं तेव्हा वाद थांबला.

आत शिरण्यासाठी शिल्प कमरेपाशी उघडावं लागलं होतं. बंद करताना सांगाड्याला पितळी बोल्ट बसवले. आता ते दोन भागांत वेगळं होतं आणि जिन्याच्या वळणावरून वर जातं. शिल्पकर्तीची पुढची सगळी मोठी कामं त्या मुळातूनच दोन भागांत करतात.

त्याशिवाय त्यांनी कामाबरोबर एक वही द्यायला सुरुवात केली आहे. त्यात प्रत्येक भागाची नोंद: कागद कुठला, छपाई कोणत्या तऱ्हेची, डिंक कोणता, आणि हा तुकडा गेला तर काय करायचं, बदलायचा, रिकामा ठेवायचा की दुरुस्तच करायचा नाही. विक्रीच्या कागदावर दोघांच्या सह्या होतात तेव्हा वहीवरही होतात. माझ्या मते सापडलेल्या कागदात काम करणाऱ्याने ही वही काम चालू असतानाच लिहावी. तुकडा चिकटला की झेरॉक्स कुठली आणि इंकजेट प्रिंट कुठली हे कर्त्यालाही सांगता येत नाही. इथे निम्म्या वेळा भिंगाने ओळखावं लागलं.

शिल्प आता वरच्या खोलीत आहे, खिडकीकडे पाठ करून. कागदी कामांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको म्हणतात. काकांनी फोनवर मोजून पडदा लावला. काचेच्या पेटीवरून मात्र एकमत झालेलं नाही. काकांना पेटी हवी आहे, धूळ आणि पाली यांच्यापासून. संवर्धकांना भीती वाटते की घट्ट पेटीत पावसाळ्याची ओल अडकेल आणि पांढऱ्या गमची आंबट वाफही. पेटीत ओल शोषणारी सिलिका जेल ठेवून दर पावसाळ्यात बदलायची, असा तोडगा त्यांनी सुचवला आहे. बदलायचं कोण लक्षात ठेवणार, हा काकूंचा प्रश्न. सुतार माप घेऊन गेला आहे.